ड्वार्फांचं गाऱ्हाणं

आमच्या टेबलावरचे ड्वार्फ दारू पीत नाहीत. हे मी नव्या खेळाडूला आधीच सांगून टाकते, कारण नवा माणूस आला की तासाभरात कुठल्यातरी गुत्त्यात शिरतो, टेबलावर मूठ आपटतो आणि नसलेल्या दाढीवरचा नसलेला फेस पुसतो. का रे बाबा, असं विचारलं तर म्हणतो, "ड्वार्फ आहे ना!" ड्वार्फ असणं हा जणू यकृताचा आजार आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काही माणसं टेबलाभोवती बसतात. त्यांतलं एक जण एक जग रचून सांगतं. त्यात डोंगर, गावं, राजे, चोर, राक्षस असं सगळं असतं. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या जगात हिंडतात. काय करायचं ते ज्याचं त्यानं बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. जग सांगणाऱ्याला डीएम म्हणतात. आमच्यात ती मी. एरवी मी विम्याचे क्लेम तपासते, म्हणजे लोक जे सांगतात त्यावर लगेच विश्वास न ठेवण्याचा पगार घेते. त्याचा इथे उपयोग होतो.

खेळायला येतात तिघं. घाटकोपरचा टॅक्सचं काम करतो, घरी गुजराती बोलतो आणि आमच्यापेक्षा स्वच्छ मराठी बोलतो. विक्रोळीचा कंपनीच्या कॉलनीत वाढला, त्यामुळे जगात सगळीकडे रुंद रस्ते आणि मोठी झाडं असतात अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. आणि गोराईची कोळ्यांची मुलगी बोरिवलीत एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते. आम्ही एकमेकांना गावाच्या नावानंच हाका मारतो, म्हणून इथेही तेच चालवते. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की सगळे माझ्या मुलुंडच्या घरी येतात. गोराईवाली बोट, बस असं करत सगळ्यांत शेवटी पोचते आणि येताना सुका जवळा आणते. त्यामुळे तिला उशिराबद्दल कुणी बोलत नाही.

खेळाची पुस्तकं असतात, जाडजूड, रंगीत. त्यांत प्रत्येक जमातीला एखाद-दोन पानं दिलेली असतात. एल्फ सडपातळ, गाणीबजावणी करणारे, नाकानं कांदे सोलणारे. ऑर्क डोक्यानं कमी आणि रागानं जास्त. डोंगराच्या पोटात राहणारे ड्वार्फ बुटके, दाढीवाले, सोन्याचे लोभी. माझ्या आईच्या माहेरी सख्ख्या भावंडांचे स्वभाव एकमेकांशी जुळत नाहीत, आणि इथे अख्खाच्या अख्खा डोंगर एका स्वभावाचा. मला हे पहिल्यापासून खटकायचं.

सुरुवातीला मी त्यावर चुकीचं औषध केलं. एल्फांना सण दिले, महिने दिले, लग्नाची गाणी दिली, कुठल्या देवाला कुठलं फूल वाहायचं ते ठरवलं. पानंच्या पानं लिहून सगळ्यांना पाठवली. कुणीही वाचली नाहीत. विक्रोळीकराने तर पुढच्या रविवारी एल्फांच्या सुतकाच्या दिवशी त्यांच्या राणीला शेकहँड केला आणि मी रागावले तेव्हा म्हणाला, "यार, एवढं तर आपण आपल्याच घरी पाळत नाही." मला राग आला, पण खोटं काय सांगू, त्याचं म्हणणं बरोबर होतं. सणांची यादी म्हणजे कॅलेंडर झालं. त्यात माणसं कुठे होती?

ते कोडं गोराईवालीनं सोडवलं, तेही चिडून. मोहीम समुद्राकडे वळली होती आणि मी पुस्तकातून मासेमाणसांचं वर्णन वाचून दाखवत होते. अंगावर खवले, मनात द्वेष, परका दिसला की सगळे मिळून हल्ला करतात. तिनं जवळ्याची पिशवी बाजूला ठेवली आणि माझ्या हातातलं पुस्तक मिटलं.

"कोण लिहितं हे? सगळे मिळून? आमच्या गावात दोन घरं एका बाजूनं बोलली ना, तर लोक विचारतात काय झालं म्हणून."

"मग भांडणं कशावरून होतात तुमच्यात?" घाटकोपरकराने विचारलं.

मग ती थांबेचना. होडी किनाऱ्यावर कुणी कुठे ओढायची. बोंबील वाळत घालायचे बांबू कुणाच्या दारापर्यंत येतात. हळदीला बँड लावायचा की डीजे. आणि सगळ्यांत मोठं, घरं फोडणारं भांडण म्हणजे मार्केटमधली आईची मासे विकायला बसायची जागा. आई थकली की तिथे कुणी बसायचं? लहानपणापासून आईच्या शेजारी बसून गिऱ्हाईक ओळखणाऱ्या लेकीनं, की घरात आलेल्या सुनेनं? लेक लग्न होऊन गेली तरी जागा तिची म्हणणारे निम्मे, आणि घराबाहेर गेलेल्या पोरीला जागा कशाला म्हणणारे निम्मे.

त्या दिवशी आम्ही मारामारी केलीच नाही. मासेमाणसांच्या बाजारात एक म्हातारी मरायला टेकली होती आणि तिच्या शिंपल्यांच्या ओट्यावर लेक बसणार की सून, यावर आमचे तीन शूरवीर दुपारभर एकमेकांशी तावातावानं भांडले. घाटकोपरकर सुनेच्या बाजूने इतका पेटला की मला त्याच्या घरच्या परिस्थितीची शंका आली. त्या दिवसापासून माझा एकच नियम झाला. जमात रचायची तर आधी तिची आपापसातली भांडणं शोधायची. सण, कपडे, दागिने मागून येतात.

ड्वार्फांची पाळी आली तेव्हा मात्र घरात वेगळंच चाललं होतं.

घरात मी आणि माझे बाबा असे दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा मूळचे मालवणकडचे, तरुणपणी गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे जिथे कापड विणायचे तिथे. गिरणी गेली तसे मुलुंडला एका छोट्या कारखान्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. साच्यांच्या गदारोळात बोलायची सवय त्यांची कधी गेली नाही. आमच्या घरात कुजबुज नावाचा प्रकारच नव्हता. बाबा फोनवर बोलायचे तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू आमच्या नातेवाइकांच्या तब्येती मला जिन्यात सांगायच्या.

या आवाजामुळेच आमच्या भावकीचं गाऱ्हाणं बाबांकडे होतं. गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे देवापुढे मोठ्यानं घातलेलं मागणं. घरातला जाणता माणूस हात जोडून उभा राहतो आणि देवाला घरची खबर देतो. कोण आजारी आहे, कुणाचं लग्न अडलंय, कुणाचं काय चुकलं आणि ते पोटात घाल म्हणून. प्रत्येक वाक्याच्या शेवटी मागे उभ्या असलेल्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा." भांडुप, विक्रोळी, मुलुंड इथली आमची सगळी घरं दीड दिवसांच्या गणपतीला आमच्याकडे जमतात आणि विसर्जनाला निघायच्या आधी बाबा गाऱ्हाणं घालतात. घालायचे.

मागच्या गणपतीनंतर त्यांचा घसा बसला. दिवाळीनंतर डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. गाठ वाईट होती, ती सगळी निघाली, त्या अर्थानं ऑपरेशन झकास झालं. बाबा वाचले. आवाज गेला. गळ्याला भोक आणि त्यावर पांढरी जाळी, असे ते घरी आले.

लिहायला पाटी आणली, तिला त्यांनी हात लावला नाही. घशाला टेकवून बोलायचं यंत्र मिळतं, तेही आणलं. त्यातून एकदाच काहीतरी बोलले, तो पत्र्यासारखा आवाज ऐकला आणि यंत्र कपाटात ठेवून दिलं. हो-नाही भुवयांनी सांगायचे. कुणी भेटायला आलं की आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायचे. पूर्वी रविवारी खेळ सुरू झाला की हॉलमध्ये येऊन विचारायचे, "काय गो, ही मोठी मोठी माणसा फाशे टाकून मारामारी करतत?" आणि जवळ्याची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात जायचे. आता तो जवळा मीच भाजत होते आणि करपवत होते. मला काही फार नको होतं. त्यांनी त्या खोलीतून बाहेर यावं, माणसांत बसावं, एवढंच हवं होतं. आणि ते माझ्या हातात नव्हतं, म्हणून मी दिवसभर कशावरून ना कशावरून चिडलेली असायचे.

त्यांना घरी एकटं ठेवून मला कुठे जाता येत नव्हतं, त्यामुळे खेळ मात्र थांबला नाही. आणि त्या दिवसांत मी ड्वार्फांना गाऱ्हाणं दिलं. का दिलं हे मला विचारू नका. मी तेव्हा तसा काही विचार केला नव्हता. खाणीत शिरण्याआधी जाणता ड्वार्फ डोंगरापुढे उभा राहून घरची खबर सांगतो आणि मागचे त्याला साथ देतात, एवढं मला सुचलं. साथ तोंडानं द्यायची नाही. खाणीत जास्त आवाज केला तर दरड कोसळते, म्हणून मागच्यांनी बोटाच्या पेरानं दगडावर ठोका मारायचा. हेही बाबांचंच. साचेखात्यात हाक ऐकू जात नाही म्हणून लोखंडावर ठोकून एकमेकांना बोलवायचे, असं ते सांगायचे.

आमच्या मोहिमेत जाणती ड्वार्फ होती ती गोराईवालीनं घेतलेलं पात्र, एक म्हातारी. टेबलाच्या एका टोकाला ती उभी राहायची, हात जोडायची आणि बेधडक सुरू व्हायची. "बा डोंगरा, ही तुझी पोरं आत येतायत. ह्या विक्रोळीच्याला अक्कल नाही, त्याला सांभाळ." आणि आम्ही टेबलावर ठक् करायचो.

मग खेळाडूंनी जे करायचं तेच केलं. घाटकोपरकराने विचारलं, "याचा बोनस किती?"

बोनस म्हणजे फाशावर पडलेल्या आकड्यात मिळणारी वाढ. मी म्हटलं, एक. तिथे वाट लागली. पुढच्या रविवारपासून दार उघडायच्या आधी गाऱ्हाणं, घोड्याचा भाव करायच्या आधी गाऱ्हाणं, एकदा तर सूप गार आहे की गरम ते बघायच्या आधी गाऱ्हाणं. डोंगराला एवढं बोलवलं तर तो बिचारा उठून निघून जाईल, असं मी म्हटलं आणि बोनस काढून टाकला.

"मग करायचं कशाला?" घाटकोपरकर खरोखरच दुखावला होता.

"माझी आई होडी सुटताना हळदकुंकू लावते," गोराईवाली म्हणाली. "त्याला काय बोनस आहे?"

"मासे मिळतात."

"आणि नाही मिळाले तर? दुसऱ्या दिवशी लावतेच ना."

"म्हणजे उपयोग नाही. तूच सांगतेस."

हे मला आवडलं आणि मी ते भांडण जसंच्या तसं ड्वार्फांना देऊन टाकलं. त्यांच्यात दोन तट पडले. एक तट म्हणायचा, डोंगर ऐकतो. दुसरा म्हणायचा, डोंगर दगड आहे, तो काय ऐकणार. आणि गंमत म्हणजे दुसऱ्या तटातलेही ठोका मारायचे. विक्रोळीकराने विचारलं की दगड आहे म्हणतात, तर मग ठोकतात कशाला. मी डीएम, उत्तर माझ्याकडे असायला हवं होतं.

गोराईवालीनं विचारही केला नाही. "अरे, अंधार असतो ना खाणीत. म्हातारी पुढे. तिला कळायला नको, मागे कोण कोण आहे ते?"

मी चहा टाकायला उठले.

त्याच सुमारास एका रविवारी म्हातारीनं गाऱ्हाणं घातलं, आम्ही ठोके मारले, आणि मी पुढचं सांगायला तोंड उघडणार एवढ्यात आणखी एक ठोका ऐकू आला. लाकडावरचा, जरा उशिरा पडलेला.

"शेजारी काम चाललंय का?" विक्रोळीकर म्हणाला.

परत एक ठोका. आतल्या खोलीच्या दारामागून. तिथे बाबांशिवाय कुणी नव्हतं.

गोराईवालीनं म्हातारीचा आवाज सोडला नाही. मान वळवून त्या दाराकडे बघत ती म्हणाली, "अजून एक आहे मागे. सगळे आले. चला आत."

आणि खेळ पुढे सुरू झाला. मला वाटलं आता दार उघडेल, बाबा बाहेर येऊन बसतील. तसं काही झालं नाही. मी नंतर आत डोकावले तर ते पलंगावर पेपर वाचत होते आणि त्यांनी मला काय आहे, अशा अर्थानं भुवई उडवून विचारलं. पण पुढच्या रविवारी ठोका पुन्हा पडला. मग त्याची सवयच झाली. गाऱ्हाणं झालं की आम्ही थांबायचो. आतून ठक् आलं की पुढे. एखाद्या रविवारी त्यांचा डोळा लागला असेल तर खाणीत जायचंच नाही, बाहेरच काहीतरी काम काढायचं, असं न ठरवता ठरून गेलं. दार थोडं उघडं राहू लागलं. इतकंच. जवळा अजून मीच करपवत होते.

गणपती जवळ आले तसा आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खल सुरू झाला की यंदा गाऱ्हाणं कोण घालणार. माझा भांडुपचा चुलत भाऊ वयानं बाबांच्या खालोखाल, त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. पण त्याची मालवणी म्हणजे मालवणी हॉटेलच्या मेनूकार्डाएवढी. देवापुढे उभं राहिलं की घाम फुटतो, असं तो स्वतःच म्हणाला. भटजींना सांगावं असं एका काकूंनी सुचवलं, तर दुसऱ्या म्हणाल्या, भटजींना आपल्या घरातलं काय माहीत. बाईमाणसानं घालावं असं कुणी सुचवलं नाही. मीही नाही. इतके महिने एका बाईच्या तोंडून दर रविवारी गाऱ्हाणं ऐकत होते, तरी नाही. त्या म्हातारीला मीच उभं केलं होतं, पण ती ड्वार्फ होती.

मग दादाला एक कल्पना सुचली आणि ती सगळ्यांना पटली. मागच्या वर्षीच्या गाऱ्हाण्याचा व्हिडिओ त्याच्या फोनमध्ये होता.

"काकांचाच आवाज, काकांचेच शब्द," दादा फोनवर मला म्हणाला. "स्पीकरला लावू. सगळे मागून व्हय म्हाराजा म्हणू. यापेक्षा मान तो काय द्यायचा?"

"त्यांना विचारलंस?"

"तू विचार ना."

मी विचारलं. बाबांनी हात हवेत उडवला. करा काय करायचं ते.

आमच्यासारख्या लोकांनाच अशी चूक सुचू शकते. गाऱ्हाणं ही काही आरती नव्हे, दर वर्षी तीच म्हणायला. त्यात त्या वर्षीची खबर असते. घरातल्या एवढ्या जाणत्या माणसांत हे एकाच्याही लक्षात आलं नाही. क्लेम तपासणारी मी, माझ्याही नाही.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विसर्जनाला निघायची वेळ झाली. हॉल भरला. बाबांना दादानं हाताला धरून बाहेर आणलं आणि दाराशी लाकडी खुर्चीवर बसवलं. ते आले, याचाच मला इतका आनंद झाला होता की बाकी कशाकडे माझं लक्ष नव्हतं. दादानं फोन स्पीकरला जोडून देवासमोर ठेवला.

आणि घरात बाबांचा आवाज आला. "बा देवा गणपती म्हाराजा!" किती मोठा होता तो. मी तो इतक्या महिन्यांत विसरले नव्हते, पण एवढा मोठा होता हे विसरले होते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनीही ऐकला असणार.

"या लेकरांनी तुझी काय वेडीवाकडी सेवा केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. व्हिडिओतले आम्हीही म्हणालो. दोन्ही मिळून जरा गोंधळ झाला.

"विक्रोळीच्या झिलाची दहावी आसा, तेका यश दे रे म्हाराजा."

विक्रोळीच्या चुलत भावाचा तो पोरगा आता अकरावीत होता. माझ्या पुढेच उभा होता. कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले आणि हसत हसत व्हय म्हाराजा म्हणाले. मग भांडुपच्या काकूंचा गुडघा आला. तो गुडघा बदलून झाला होता, काकूंनी साडी जराशी उचलून दाखवला. आणखी हशा. आम्ही मोठ्या मजेत गेल्या वर्षीचं मागणं मागत होतो.

"आनि म्हाराजा," स्पीकरमधले बाबा म्हणाले, आणि मध्येच खाकरले. "माझो घसो जरा खवखवता हा. तेका उतार पडांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" व्हिडिओतले आम्ही म्हणालो, एकदम खुशीत. त्यात माझा आवाज मला स्पष्ट ओळखू आला.

दादा फोनकडे धावला. बोटांना मोदकाचं तूप लागलेलं, फोन काही ऐकेना, तो पुसतोय, पुन्हा दाबतोय, आणि बाबांचा आवाज पुढे चाललेला, अमक्याला नोकरी दे, तमक्याचं लग्न जमव. प्रत्येक मागण्याला मागची आनंदी माणसं व्हय म्हाराजा म्हणतायत आणि आम्ही मुक्यानं उभे. मागे वळून खुर्चीकडे बघायची माझी छाती झाली नाही. मला वाटलं, आता ते उठतील, आत जातील आणि या वेळी दार लोटणार नाहीत, कडी लावतील.

शेवटी फोन बंद झाला.

आणि खुर्चीच्या हातावर ठक् असा आवाज आला.

दादाला काही कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. मी वळले. बाबा खुर्चीतच होते, माझ्याकडे बघत होते. डोळे भरलेले होते, पण कपाळावर जुनी आठी होती, कामाला उशीर होतोय अशी. त्यांनी हनुवटीनं देवाकडे खूण केली. मी तरीही हलले नाही, तेव्हा त्यांनी पुन्हा, जरा जोरात, ठोका मारला.

मी पुढे झाले. काकू काहीतरी म्हणायला लागल्या, दादा त्यांना म्हणाला, "थांबा हो, घालू दे तिला." मी हात जोडले. माझी मालवणी दादापेक्षा बरी असली तरी फार नाही, आणि आवाज तर मुळीच नाही.

"बा देवा म्हाराजा," मी म्हटलं. "गेल्या वर्सा जा मागितला, तेतला काय दिलंस, काय नाय दिलंस. जा दिलंस ता गोड मानून घेतला."

पुढचं वाक्य काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. घशाबद्दल काय मागायचं? मागण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी तशीच थांबले. हॉलमध्ये कुणी व्हय म्हाराजा म्हणेना, त्यांना वाक्य संपलं की नाही तेच कळत नव्हतं.

मागून ठक् झालं.

मग दादा, काकू, अकरावीतला पोरगा, सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

पुढचं मी सगळं घातलं. नव्या नोकऱ्या, नवी दुखणी, येऊ घातलेलं एक बाळ. प्रत्येक वाक्यानंतर आधी ठोका पडायचा आणि मग आवाज यायचे. मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मला कळत होतं, मागे कोण आहे ते.